मुदत घाल, पण आधी सांग

अगं, तुझं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर भूम-वाशीकडच्या केंद्रांना चाचणीसाठी देतेयस, हे ऐकून बरं वाटलं. पण एक विचारते, रागावू नकोस. त्यात मुदत घातलीयस ना? मग केंद्र चालवणाऱ्या दादांना ती तारीख ठाऊक आहे का?

मुदत घालणं चूक नाही, घालायलाच हवी. कच्चं काम वर्षानुवर्षं चालत राहिलं, तर तू नंतर दुरुस्त केलेल्या चुका त्यांच्याकडे तशाच राहणार. फॅटच्या दरात घोळ झाला की बोलणी तुलाच बसणार. ॲपलच्या टेस्टफ्लाइटवरचं चाचणीचं ॲपसुद्धा 90 दिवसांनी बंद पडतं. मायक्रोसॉफ्टनं 2009 मध्ये विंडोज 7 ची चाचणी आवृत्ती फुकट दिली, तेव्हाच 1 जून 2010 ही शेवटची तारीख सांगून टाकली होती. 1 मार्चपासून मशीन दर दोन तासांनी आपोआप बंद व्हायचं. वैताग होताच तो, पण पक्की आवृत्ती ऑक्टोबर 2009 पासूनच बाजारात होती. लोकांना जायला जागा होती.

तुझी पक्की आवृत्ती कुठाय?

पहाटे कॅन घेऊन माणसं रांगेत उभी, फॅटचा नमुना मशीनला लावलेला, आणि पडद्यावर 'मुदत संपली'. त्यातून दहा दिवसांच्या बिलाचा दिवस असला तर बघायलाच नको. त्या दिवसाचं दूध वहीत लिहितील गं, पण मागच्या नऊ दिवसांच्या नोंदी तुझ्या कुलपात. हे मला अजिबात पटत नाही. सॉफ्टवेअर खुशाल बंद पाड, पण जुन्या नोंदी बघता आणि छापता आल्याच पाहिजेत. हिशेब त्यांचा आहे, तुझा नाही.

आपल्या कुंथलगिरीच्या पेढ्याचं बघ. सुट्या मिठाईपुढेही ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावायची, असा नियम 1 ऑक्टोबर 2020 पासून आला. ती तारीख ट्रेवर असते, पेढ्याच्या पोटात लपवलेली नसते. तूही पहिल्याच पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिही. पंधरा दिवस आधीपासून आठवण दे, आणि नुसत्या सूचनेवर विसंबू नकोस. घाईत सगळे 'ओके' दाबून मोकळे होतात. जुन्या कॉम्प्युटरचा सेल गेला की त्यातली तारीख कुठल्या कुठे जाते, तेही ध्यानात ठेव, नाहीतर मुदत भलत्याच दिवशी संपायची. नेट नसलं तरी फोनवरून कोड सांगून मुदत वाढवता येईल, एवढी सोय करच. आणि काम लांबलं, तर त्यांनी विचारायच्या आधी तूच वाढवून दे.

आज संध्याकाळचं दूध आटोपलं की एकेकाला फोन लाव आणि तारीख वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवायला सांग.