यहूदा कोणाकडे गेला?



प्रायश्चित्तकाळ आला की आपल्याला उधळ्या पुत्राचा दृष्टांत आठवतो. तो सुंदरच आहे, पण आता इतका ओळखीचा झाला आहे की पहिली दोन वाक्ये ऐकली की पुढचे कान आपोआप बंद होतात. म्हणून या रविवारी पश्चात्तापाचा विचार दुसऱ्या ठिकाणाहून करू या.

पवित्र सप्ताहातील मंगळवारी मिस्सामध्ये संत योहानच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायाचे वाचन असते. एकाच भोजनाच्या वेळी प्रभू येशू दोन गोष्टी सांगतो. तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल, आणि पेत्रा, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. दोघेही बारा जणांपैकी, दोघांचेही पाय प्रभूने थोड्याच वेळापूर्वी धुतलेले. त्याच रात्री दोघेही पडले. पुढे एकाने गळफास घेतला आणि दुसऱ्याच्या हाती प्रभूने आपली मेंढरे सोपवली. फरक नेमका कोठे पडला?

यहूदाला पश्चात्ताप झालाच नाही, असे पुष्कळांना वाटते. संत मत्तय तसे म्हणत नाही. सत्ताविसावा अध्याय घरी उघडून पाहा. येशूला दोषी ठरवल्याचे पाहताच यहूदाला पस्तावा झाला. तो मुख्य याजक आणि वडीलजनांकडे गेला, एका निर्दोष माणसाला मी मृत्यूच्या हाती दिले, हे पाप त्याने स्पष्ट शब्दांत कबूल केले, आणि चांदीची तीसही नाणी परत केली. विचार करा. पापाचे दुःख, पापाची कबुली, नुकसानाची भरपाई. धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना हेच शिकवतो ना? आणि खरे सांगायचे तर पैसे परत करणे आपल्याला सहसा जमत नाही. भावाचे नाव सातबाऱ्यावरून कमी केल्याचे दुःख होते, डोळ्यांत पाणीही येते, पण नाव पुन्हा चढवायला तलाठ्याकडे कोणी जात नाही. यहूदाने तेही केले असते.

मग राहिले काय? तो चुकीच्या दाराशी गेला. ज्यांच्याकडे त्याने पाप कबूल केले त्यांनी उत्तर दिले की, त्याच्याशी आमचा काय संबंध, तुझे तू पाहा. ज्यांनी पापाचा सौदा केला होता, त्यांच्याकडे क्षमा असणार कोठून? ज्याच्याकडे होती तो त्या वेळी त्याच यरुशलेम नगरात, बांधलेल्या हातांनी उभा होता. यहूदा त्याच्याकडे गेला नाही.

आपल्या मराठीत पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप. तो मागे पाहतो. शुभवर्तमानाच्या आरंभी प्रभू ज्याचे आवाहन करतो त्याला मूळ ग्रीक भाषेत ‘मेटानोइया’ म्हणतात. म्हणजे मनच पालटणे, तोंड फिरवून देवाकडे पाहणे. यहूदाच्या बाबतीत मत्तयने हा शब्द न वापरता निराळा शब्द वापरला आहे. अर्थात शब्दावर फार भार टाकायला नको, कारण दोन पुत्रांच्या दृष्टांतात आधी नाही म्हणून नंतर मळ्यात गेलेल्या मुलासाठी तोच शब्द चांगल्या अर्थाने आला आहे. तो मुलगा पस्तावला आणि कामाला गेला. पस्तावा तुम्हाला कोठे नेतो, यावर सारे अवलंबून असते.

आता पेत्राकडे पाहू. त्याने काहीच परत केले नाही, परत करण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते. संत लूक सांगतो की प्रभूने वळून त्याच्याकडे पाहिले आणि तो बाहेर जाऊन अतिशय दुःखाने रडला. पण तो एकटा राहिला नाही. रविवारी पहाटे मरिया माग्दालिया धावत आली ती पेत्राकडे आणि प्रभूच्या आवडत्या शिष्याकडे. म्हणजे तोंड लपवण्यासारखे कृत्य करूनही तो आपल्या माणसांतच होता. पुढे तिबिर्या सरोवराच्या काठी प्रभूने कोळशांचा विस्तव पेटवून ठेवला होता. संपूर्ण नव्या करारात कोळशांचा असा विस्तव दोनच ठिकाणी येतो. एक हा, आणि दुसरा प्रमुख याजकाच्या अंगणातला, जेथे शेकत उभे राहून पेत्राने प्रभूला नाकारले. त्याच धगीसमोर प्रभूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटले. जखम धुताना दुखतेच.

यहूदाचे शेवटी काय झाले, हे आपल्याला ठाऊक नाही. तो नरकात गेला, असे ख्रिस्तसभेने कधीही अधिकृतपणे जाहीर केलेले नाही. तो न्याय देवाचा आहे.

हे सारे लिहिण्याचे कारण असे की, आपल्या धर्मग्रामात मनातल्या मनात जळणारी माणसे कमी नाहीत. गर्भपात, फसवणूक, म्हाताऱ्या आईवडिलांकडे केलेले दुर्लक्ष. ‘फादर, माझ्या पापाला क्षमा नाही,’ असे आजाऱ्याच्या खाटेशी बसल्यावर ऐकू येते. ही नम्रता वाटते, पण तिच्यात देवापेक्षा आपले पाप मोठे मानलेले असते. काहींना वाटते, ‘मला देवावरच्या प्रेमाने नव्हे, नरकाच्या भीतीने दुःख होते, मग ते कसे चालेल?’ चालते. 1551 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने शिकवले आहे की, पाप सोडण्याची इच्छा असेल तर असे अपुरे दुःखसुद्धा देवाचीच देणगी आहे आणि ते माणसाला पापक्षमेच्या संस्कारासाठी तयार करते. पूर्ण झाल्यावर येऊ, अशी वाट पाहत बसू नका.

बरीच वर्षे पापनिवेदनाला आला नसाल आणि प्रार्थना विसरला असाल, तर किती वर्षे झाली एवढेच सांगा. पुढचे आम्ही विचारू. ऐकलेले काहीही कोणत्याही कारणाने बाहेर सांगण्यास ख्रिस्तसभेच्या कायद्याने (कलम 983) धर्मगुरूला पूर्ण बंदी आहे. दर रविवारी समोर दिसणाऱ्या फादरांकडे संकोच वाटत असेल, तर शेजारच्या धर्मग्रामात जा. मला मुळीच वाईट वाटणार नाही.