कोंबड्यांची सर्दी : ओळख, उपचार व प्रतिबंध

थंडीचे दिवस सुरू झाले की खेडोपाडी कोंबड्या शिंकू लागतात. नाकातून पाणी गळते, डोळे चिकटतात, रात्री खुराड्यातून घरघर ऐकू येते. पुष्कळ शेतकरी ह्या सर्व लक्षणांना ‘सर्दी’ हे एकच नाव देतात आणि दुकानातून मिळेल ती औषधाची पुडी पाण्यात घालून मोकळे होतात. वस्तुतः शिंक हे लक्षण आहे, रोग नव्हे. त्यामागे निदान पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात. त्यांपैकी काही औषधाने बरी होतात, काही केवळ हिरव्या चाऱ्याने दूर होतात, तर एका-दोन रोगांवर औषधच नाही. म्हणून उपचारापूर्वी रोग ओळखणे हे पहिले काम होय.

रोग कसा ओळखावा

(१) सांसर्गिक सर्दी : हा जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. संसर्गानंतर एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसतात. नाकातून प्रथम पातळ व नंतर घट्ट स्राव येतो व त्यास दुर्गंधी असते. डोळ्यांखाली व चेहऱ्यावर सूज येते. कोंबड्या खाणे कमी करतात व अंडी घटतात. मरतूक सहसा थोडी असते. परंतु बरी झालेली कोंबडी दिसावयास निरोगी असली तरी जंतू बाळगून राहते व इतरांना रोग देते.

(२) दीर्घकालीन श्वसनरोग : मायकोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म जंतूमुळे हा होतो. तो हळूहळू पसरतो व आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. डोळ्यांत फेस येतो, रात्री घशात घरघर होते आणि पक्ष्यांची वाढ खुंटते. रोगी कोंबडीच्या अंड्यातून तो पिलांत उतरतो. म्हणून पिले खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावीत.

(३) देवीचा घशातील प्रकार : तोंडात व घशात पिवळसर खपल्या धरतात व पक्षी गुदमरतो. बहुधा त्याच कळपातील काही पक्ष्यांच्या तुऱ्यावर व कल्ल्यांवर देवीचे फोड आढळतात.

(४) ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव : डोळ्यांत पांढरा चिकट पदार्थ साठतो व घशात बारीक पांढरे ठिपके दिसतात. हा संसर्ग नव्हे. केवळ ज्वारी-तांदळाच्या कण्यांवर ठेवलेल्या कोंबड्यांत तो आढळतो.

(५) मानमोडी किंवा राणीखेत : हा विषाणूंचा रोग आहे. आरंभी शिंका व धाप असल्यामुळे तो सर्दीच वाटतो. परंतु लवकरच हिरवट पातळ विष्ठा होते, पंख व पाय लुळे पडतात, मान पिळवटते आणि मरतूक झपाट्याने वाढते. लस न टोचलेला कळप जवळजवळ संपूर्ण नष्ट होऊ शकतो. ह्या रोगावर औषध नाही.

धोक्याची खूण

चेहरा सुजला, नाक वाहते, पण पक्षी मरत नाहीत, अशा वेळी उपचारास अवधी असतो. याउलट एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मेले, तुरा व कल्ले सुजून निळसर पडले, किंवा मान वाकडी होऊ लागली, तर घरगुती उपचारात एक तासही दवडू नये. अशी मरतूक मानमोडीची असू शकते, तशीच ती बर्ड फ्लूचीही असू शकते. भारतात कोंबड्यांमधील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. हा रोग माणसासही होऊ शकतो. म्हणून मेलेले पक्षी उघड्या हातांनी हाताळू नयेत, ते कापून पाहू नयेत व नदीनाल्यात फेकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. २००९ च्या प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांविषयीच्या केंद्रीय कायद्यान्वये अशा रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीस कळविणे हे मालकाचे कर्तव्यच आहे.

उपचार

आजारी पक्षी प्रथम वेगळे काढावेत. त्यांची पाण्याची व खाद्याची भांडी निराळी ठेवावीत, कारण सांसर्गिक सर्दी पाण्याच्या भांड्यातून फार लवकर पसरते. निरोगी कोंबड्यांचे काम आधी उरकावे, आजाऱ्यांचे मागाहून. चिकटलेले डोळे व नाकपुड्या कोमट मिठाच्या पाण्यात भिजविलेल्या स्वच्छ फडक्याने पुसाव्यात.

जिवाणूंच्या सर्दीवर व दीर्घकालीन श्वसनरोगावर प्रतिजैविके उपयोगी पडतात. परंतु कोणते, किती व किती दिवस, हे पशुवैद्यकाने ठरवावे. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नये. औषध चालू असताना व त्यानंतर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस अंडी व मांस खाण्यास वापरू नये किंवा विकू नये. अंड्यावरील कोंबड्यांना सल्फा गटातील औषधे देऊ नयेत. कोलिस्टिन ह्या औषधाचा जनावरे व कोंबड्यांसाठी वापर करण्यावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली आहे. विषाणूंच्या रोगात प्रतिजैविक विषाणूस मारीत नाही, हे ध्यानात ठेवावे.

जीवनसत्त्वाच्या अभावी झालेल्या विकारात शेवग्याचा पाला, लसूणघास, कोथिंबिरीची देठे व पिवळा मका द्यावा.

प्रतिबंध

थंडी लागू नये म्हणून खुराडे चारी बाजूंनी पोत्यांनी घट्ट बंद करण्याची पद्धत आहे. त्यामुळे ओल्या विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू आत कोंडतो, श्वासनलिका सोलवटते व जंतूंना वाट मिळते. पहाटे खुराड्यात कोंबडीच्या उंचीपर्यंत वाकून पाहावे. डोळे चुरचुरले तर हवा दूषित झाली असे समजावे. पडदे खालून लावावेत व वर हवेस मोकळीक ठेवावी. भाताच्या तुसाची गादी रोज हलवावी, ओली झालेली काढून टाकावी व चुना मिसळावा.

रोग घरी येतो तो बहुधा आठवड्याच्या बाजारातून. विकत आणलेला कोंबडा, तसेच न विकला गेल्यामुळे परत आणलेली कोंबडी, तीन आठवडे निराळी ठेवावी. आजारी पक्षी बाजारात नेणे म्हणजे चार पैशांसाठी साऱ्या पंचक्रोशीत रोग वाटणे होय.

मानमोडीपासून बचावाचा खरा उपाय लस हाच आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात द्यावा, चौथ्या आठवड्याच्या सुमारास तो पुन्हा द्यावा व आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्यावी. लस बर्फात आणावी, मिश्रण केल्यावर दोन तासांत संपवावी आणि निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. एका कुपीत शंभरावर पक्ष्यांची लस असते. म्हणून ग्रामसेवक व पशुसखी यांनी वस्तीतील सर्व घरांचा एक दिवस ठरवावा व पहाटे, कोंबड्या सोडण्यापूर्वी, हे काम उरकावे.

ज्या घरी जमीन नाही, तेथे दहा-वीस कोंबड्या हीच मीठमिरचीची व मुलांच्या वह्यापुस्तकांची सोय असते. ती एका आठवड्यात नाहीशी होऊ नये, यासाठी पहिली शिंक ऐकू येताच पक्षी हातात घेऊन त्याचे डोळे, तोंड, मान व विष्ठा नीट पाहण्याची सवय प्रत्येकाने लावून घेतली पाहिजे.