सांस्कृतिक जिल्ह्याला कलेक्टर असतो का?

प्रश्न : माझी भाची दक्षिण कोरियाला जाऊन आली. सोल शहरातल्या एका रस्त्यावर गाईडने त्यांना सांगितलं म्हणे, की हा सरकारने जाहीर केलेला ‘सांस्कृतिक जिल्हा’ आहे. एका रस्त्याचा जिल्हा कसा होतो? आणि असं जाहीर केल्याने तिथल्या कलावंतांच्या पदरात खरंच काही पडतं का? आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिला असा दर्जा मिळाला तर चांगलंच होईल ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : आधी ‘जिल्हा’ निकालात काढू. इंग्रजीतला ‘डिस्ट्रिक्ट’ समोर आला की आपला हात आपोआप ‘जिल्हा’ लिहून मोकळा होतो, आणि मग एवढ्याशा रस्त्याला कलेक्टर, पालकमंत्री आणि नियोजन समिती चिकटते. तसलं काही नसतं. शहराचा एक तुकडा नकाशावर रेघ मारून वेगळा काढायचा आणि त्याला वेगळे नियम लावायचे, एवढंच. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, पेठ. मी पुढे कलापेठच म्हणतो.

तुमची भाची बहुधा इन्सादोंगला गेली असावी. कोरियाने २००० साली आपल्या संस्कृती-कला प्रोत्साहन कायद्यात दुरुस्ती करून अशा पेठा जाहीर करायची सोय केली आणि २००२ च्या एप्रिलमध्ये देशातली पहिली कलापेठ म्हणून इन्सादोंगवर शिक्का बसला. मुख्य रस्ता सातशे मीटरच्या आसपास. रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटांत संपतो. पण ही पेठ सरकारने वसवलेली नाही. जपानी अमलात शेजारच्या भागातली खानदानी घराणी खालावली, आणि घरातली चिनी मातीची भांडी, चित्रं, पोथ्या विकायला इथे येऊ लागली. त्यातून जुन्या वस्तूंची दुकानं उभी राहिली. मग कागद-कुंचल्यांची दुकानं आली, चित्राला मागून कागदाचं अस्तर चढवणारे कारागीर आले आणि १९७० पासून गॅलऱ्या. थोंगमुनग्वान नावाचं जुन्या पुस्तकांचं दुकान तर १९३४ पासूनचं आहे.

कुंचल्याच्या दुकानाला तिकडे पिलबांग म्हणतात. आत कुंचले उलटे टांगलेले असतात, दांडी वर आणि केस खाली. धुतल्यावर पाणी मुळाशी मुरून केस सडू नयेत म्हणून ही रीत. उंदराच्या शेपटीएवढ्या कुंचल्यापासून केरसुणीएवढ्या कुंचल्यापर्यंत सगळी बिरादरी एका रांगेत लोंबत असते. गिऱ्हाईक एकेक काढून तळहातावर फिरवून बघतं, अर्धा तास घालवतं आणि एक घेऊन जातं. अशा धंद्याला ऐसपैस वेळ लागतो, म्हणजेच स्वस्त भाडं लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

सरकार मध्ये पडलं कशासाठी? १९९७ पासून रविवारी या रस्त्यावर गाड्या बंद झाल्या, गर्दी वाढली. १९९९ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ इथे येऊन गेली, मग तर नावच झालं. त्याच सुमारास रस्त्यावरच्या बारा लहान दुकानांची जागा पाडून मोठं बांधकाम होणार अशी कुणकुण लागली आणि ‘बारा दुकानं वाचवा’ म्हणून लोक उठले. महापालिकेने बांधकामाच्या परवानग्या काही काळ रोखल्या, आणि त्या मुदतीत कलापेठेचा कायदा कामाला लागला. त्या जागेवर २००४ मध्ये ‘सामजीगिल’ नावाची इमारत झाली खरी, पण ती बारा दुकानं दर्शनी भागात ठेवून. या इमारतीत मजल्यांऐवजी एक उतार आहे, अंगणाभोवती गोल गोल चढत जाणारा. चालत चालत कधी वर पोचलो ते कळत नाही.

कायद्यात दोन याद्या होत्या. एक लाडक्या धंद्यांची: जुन्या वस्तू, कागद-कुंचले, चित्राचं अस्तर, हस्तकला, गॅलरी. यांना करात सूट आणि दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज. दुसरी नावडत्यांची, म्हणजे या पेठेत काढायचेच नाहीत असे धंदे. सौंदर्यप्रसाधनांची आणि मोबाइलची दुकानं बोकाळल्यावर पुढे त्यांनाही या दुसऱ्या यादीत टाकावं लागलं. दुकानांच्या पाट्यांवरही पेठेचा डोळा असतो. स्टारबक्ससारख्या कंपनीने २००१ मध्येच, पेठ जाहीर होण्याच्याही आधी, इथल्या लोकांचा सूर ओळखून आपली पाटी कोरियन लिपीत लावली होती.

आता तुमचा खरा प्रश्न. पदरात काय पडलं? रस्त्याचं रूपडं वाचलं, हे मान्य करायला हवं. पण कायद्याच्या यादीत धंद्याचं नाव होतं, भाड्याचा आकडा नव्हता. प्रवासी वाढले, दुकानाचा गाळा सोन्याचा झाला, आणि अर्धा तास कुंचला फिरवत बसणारं गिऱ्हाईक परवडेनासं झालं. पिलबांगवाले वरच्या मजल्यावर गेले, मागच्या बोळात गेले, काही पेठच सोडून गेले. त्यांच्या जागी आले पंखे, किल्ल्यांची कडी, पेटीत बसवलेल्या बाहुल्या. बराचसा माल चीनहून आलेला. यादीत ‘हस्तकला’ एवढंच लिहिलं असेल, तर परदेशात गठ्ठ्याने झालेला पंखा नियमात बसतोच. कोणाचा हात, कुठला हात, हे यादी विचारत नाही.

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. सोलमध्येच देहांगनो नावाचा भाग आहे, नावाचा अर्थ ‘विद्यापीठ रस्ता’. सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या कला शाखेचं आवार इथून १९७५ साली हललं आणि मोकळ्या झालेल्या परिसरात हळूहळू नाटकवाले शिरले. तळघरातली नाट्यगृहं, शंभर-दीडशे खुर्च्या, पाठीला पाठ लागेल इतकी दाटी. आज असली शंभराहून जास्त छोटी नाट्यगृहं तिथे आहेत. २००४ मध्ये हीदेखील कलापेठ जाहीर झाली. इमारतीत नाट्यगृह ठेवणाऱ्याला सवलती मिळू लागल्या. पण इमारत कोणाची? मालकाची. नाटकवाला तर भाडेकरू. सवलत मालकाच्या खिशात, वाढीव भाडं नाटकवाल्याच्या बोकांडी. मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं नवी चकचकीत नाट्यगृहं घेऊन आली आणि जुन्यांची दमछाक सुरू झाली. २०१५ च्या मार्चमध्ये तिथल्या रंगकर्मींनी छोट्या नाट्यगृहांची अंत्ययात्रा काढली, खरोखरची तिरडी खांद्यावर घेऊन, भर रस्त्यातून. निमित्त होतं १९८७ पासून चाललेलं एक नाट्यगृह भाड्यापायी बंद पडण्याचं.

याच देहांगनोत १९९१ च्या १५ मार्चला किम मिन-गी या गीतकाराने ‘हाकचॉन’ नावाचं छोटं नाट्यगृह काढलं. कोरियात लष्करशाही असताना ज्यांची गाणी बंदीच्या यादीत गेली, त्यांतला हा माणूस. हाकचॉनचा अर्थ विद्येचं शेत. आपलं नाट्यगृह म्हणजे रोपांचा वाफा आहे असं तो म्हणायचा. कोकणात भाताचा तरवा करतात ना, तसं. इथे रुजवायचं आणि मोठ्या शेतात लावायला पाठवून द्यायचं. ह्वांग जोंग-मिनसारखे आज घराघरांत कोरियन मालिका बघणाऱ्यांना तोंडपाठ असलेले नट याच वाफ्यातले. इथलं ‘लाइन वन’ हे संगीतनाटक १९९४ ते २००८ या काळात चार हजार प्रयोग चाललं. मूळ नाटक बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरचं, फोल्कर लुडविग यांचं. कोरियन रूपांतराचे हजार प्रयोग झाल्यावर लुडविग यांनी पुढचं मानधन माफ करून टाकलं.

ग्रिप्स म्हटल्यावर पुण्यातल्या वाचकांनी कान टवकारले असतील. हो, तेच ग्रिप्स. १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी पुण्यात आणलेलं, मोठ्या माणसांनी लहान मुलांची कामं करायचं नाटक. तीच बर्लिनची जुडी सोलमध्ये वेगळी रुजली. किम मिन-गी यांनीही पुढे हाकचॉनमध्ये बालनाट्यावरच भर दिला, आणि बालनाट्याचं तिकीट कोण चढ्या भावाने घेणार? पैशाची ओढाताण आणि त्यांचं आजारपण, दोन्ही जमून आलं. २०२४ च्या १५ मार्चला, बरोबर तेहतीस वर्षांनी, हाकचॉन बंद झालं. म्हणजे पेठ जाहीर होऊन वीस वर्षं झालेली, पाटी जागच्या जागी, आणि पेठेचं काळीजच बंद.

पुढचा भाग मात्र बघण्यासारखा आहे. सरकारी कला परिषदेने तीच जागा भाड्याने घेतली आणि जुलैत मुलांचं नाट्यगृह म्हणून पुन्हा उघडली. हाकचॉन हे नाव ठेवलं नाही, किम मिन-गी यांनाच ते नको होतं. नव्या नावातही शेत आहेच, स्वप्नांचं. ते सुरू झाल्यावर चारच दिवसांनी, २१ जुलैला, किम गेले. वीस वर्षांच्या सवलतींनी जे साधलं नाही ते एका कामाने साधलं: सरकारने मालकाला सूट देण्याऐवजी जागाच हातात घेतली.

मी पाटीच्या विरोधात आहे असं समजू नका. पण मीही उमेदीत नाटकाच्या तालमी केल्यात, एका वाड्याच्या पडवीत, महिना शंभर रुपयांवर. मालक नाटकवेडा होता, पहिल्या रांगेतलं तिकीट विकत घ्यायचा. त्याच्या मुलाने वाडा बिल्डरला दिला तेव्हा आमच्या हातात कुठलाही कागद नव्हता. तेव्हापासून कलेच्या नावाने काहीही जाहीर झालं की मी आधी विचारतो, जागा कोणाच्या नावावर आहे?

बाकीचे देश वेगवेगळ्या बाजूंनी चाचपडताहेत. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २००१ पासून पेठेतल्या कलावंतालाच त्याच्या कलेच्या कमाईवर राज्याच्या आयकरात सूट दिली, म्हणजे निदान पैसा योग्य खिशात गेला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एकदम चौदा पेठा जाहीर केल्या, त्यांत लॉस एंजेलिसचं लिटल टोकियोही आहे. आपल्याकडे सगळ्यांत जवळचं उदाहरण भिलारचं. २०१७ च्या मे महिन्यात ते पुस्तकांचं गाव झालं. पुस्तकं ठेवली लोकांच्या घरांत, ओसरीत, देवळात. घरं गावकऱ्यांची स्वतःची. गर्दी वाढली तर स्ट्रॉबेरीवाल्याचा फायदा, पण ‘खोली रिकामी करा’ म्हणणारा कोणी नाही. भिलारचं बाकी काहीही म्हणा, ही एक गोष्ट तिथे आपसूक जमली.

आता मिरज. तुमच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते वस्तूच्या नावाचं रक्षण करतं. दुसरीकडे बनवलेला तंबोरा मिरजेचा म्हणून विकता येत नाही. गल्लीला त्याने काही होत नाही. तंबोऱ्याला काय लागतं ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. पंढरपूरकडून आलेले भोपळे टांगायला माळा, लाकूड मुरवायला ओसरी, रंधा मारला की उडणारा भुसा खपवून घेणारे शेजारी. आणि जवारी लावायला शांतता. कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तारेखाली दोऱ्याचा जीव सरकवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा कानस. हे काम समोर दोनशे माणसं मोबाइल उभा धरून असताना होत नाही. फरीदसाहेब सतारमेकरांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचा धंदा सोडून वाद्यं घडवायला घेतली, तेव्हा या गल्लीत कॅफे नव्हते. कलापेठ जाहीर झाली की ते येतील. सतारीच्या आकाराचा चहाचा कपही येईल आणि तो मोरादाबादहून येईल.

म्हणून तुम्हाला एक काम सुचवतो. पाटीसाठी निवेदन देण्याआधी सिटी सर्व्हे ऑफिसात जा आणि गल्लीतल्या प्रत्येक कारखान्याचं प्रॉपर्टी कार्ड काढा. किती जागा सतारमेकरांच्या स्वतःच्या आहेत, किती भाड्याच्या, किती पागडीच्या, कोणत्या भावाभावांत अडकलेल्या, ते वहीत उतरवून घ्या. बहुतेक जागा त्यांच्याच नावावर निघाल्या, तर खुशाल निवेदन द्या, माझी सही घाला. निम्म्याहून जास्त भाड्याच्या निघाल्या, तर निवेदनात पाटी मागू नका. भाडेकराराची मुदत मागा, आणि एखादी इमारत विकायला निघाली तर ती घ्यायचा पहिला हक्क महानगरपालिकेला किंवा कारागिरांच्या सोसायटीला मागा. आकडे मिळाले की कळवा. गल्लीचं नाव नकाशावर कुठल्या रंगात लिहायचं ते मग ठरवू.