मोजणीचा कागद आणि चौकशीचा कागद

गेली वीस-बावीस वर्षे मी बँकेच्या काउंटरवर काम करीत आहे. या काळात हजारो माणसांकडून फॉर्म भरून घेतले. नाव, पत्ता, व्यवसाय, उत्पन्न, प्रवर्ग. बहुतेक लोक विचारलेले मुकाट्याने सांगतात. पण अधूनमधून एखादी आजी अंगठा देण्यापूर्वी विचारते, ‘साहेब, हे सगळं लिहून घेता, ते पुढं कुणाकडं जातंय? माझं रेशन तर बंद न्हाई ना व्हायचं?’ नोकरीच्या सुरुवातीला मला हा प्रश्न अडाणीपणाचा वाटे. आज वाटते की, काउंटरवर विचारला जाणारा हा सर्वांत शहाणपणाचा प्रश्न आहे. सरकारचे एक खाते आपल्याकडून माहिती घेते, दुसऱ्या खात्याला देते, आणि त्यातून आकडेवारी तयार होते. या देवाणघेवाणीकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दोन प्रकारचे कागद

लोकांची वृत्ती साधारणपणे तीन प्रकारची आढळते. काहींना सरकारी माणूस वही घेऊन दारात आला की भीती वाटते. काही जण ‘सरकारला सगळे ठाऊकच असते’ म्हणून बेफिकीर असतात. आणि काही जण चौकशी करून, समजून घेऊन उत्तर देतात. पहिल्या दोघांची चूक एकच आहे. सर्व कागद सारखेच, असे ते समजतात.

आमच्या बँकेतले उदाहरण घेऊ. कर्जखात्यांची आकडेवारी ठरावीक नमुन्यात रिझर्व्ह बँकेकडे जाते. त्या विवरणपत्राचा हेतू जिल्हा, व्यवसाय, कर्जाची रक्कम, व्याजदर यांचे एकूण चित्र तयार करण्याचा असतो. कोणत्या जिल्ह्यात शेतीला किती कर्ज मिळाले, लहान कारागिरांना किती मिळाले, हे त्यातून समजते. अमक्या शेतकऱ्याच्या दारात माणूस पाठवण्यासाठी तो कागद नसतो. याउलट, ठरावीक रकमेच्या वर रोख भरणा झाला तर त्याची माहिती खातेदाराच्या नावासह आणि पॅन क्रमांकासह आयकर खात्याकडे जाते. तिचा उद्देशच त्या एका माणसाची तपासणी करणे हा आहे. दोन्ही कागद एकाच बँकेतून निघतात. पण पहिला मोजणीचा आहे आणि दुसरा चौकशीचा. दोन्ही आवश्यक असू शकतात, परंतु मोजणीचा म्हणून घेतलेला कागद चौकशीच्या टेबलावर जाता कामा नये.

याला मी ‘एकेरी रस्ता’ म्हणतो. माहिती इतर खात्यांकडून सांख्यिकी खात्याकडे जाऊ शकते. पण सांख्यिकी खात्याकडून माणसाच्या नावानिशी परत येऊ शकत नाही. रस्त्याच्या तोंडावर ही पाटी असेल तर लोक विश्वासाने उत्तर देतात. पाटी नसेल, किंवा असून कोणी पाळत नसेल, तर लोक खोटे बोलतात किंवा दार लावून घेतात.

मामांच्या अंगणातील मोटारसायकल

गावाकडचे माझे एक मामा आहेत. 2010 मध्ये जनगणनेची घरयादी करण्यासाठी गुरुजी आले, तेव्हा मामांनी घरातला टीव्हीसुद्धा सांगितला नाही. ‘उगाच नोंद नको, दारिद्र्यरेषेतून काढतील,’ असे त्यांचे म्हणणे. वास्तविक त्या घरयादीचा कोणाच्याही रेशनशी संबंध नव्हता.

पुढे सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षण आले. देशात ते 2011 मध्ये सुरू झाले होते. पुन्हा माणसे आली, या वेळी हातात टॅब होता. अंगणात भाच्याची मोटारसायकल उभी होती. विचारले, तर मामा कौतुकाने म्हणाले, ‘घरचीच आहे.’ हे सर्वेक्षण जनगणना कायद्याखाली नव्हते. त्यातील घरोघरची माहिती सरकारी खात्यांनी लाभ देण्यासाठी किंवा नाकारण्यासाठी वापरायची, हे उघडपणे जाहीर केलेले होते. गावात कच्ची यादी लावून हरकतीही मागवल्या होत्या. मामांनी यादी पाहिलीच नाही. 2016 मध्ये पंतप्रधान आवास योजनेच्या ग्रामीण याद्या याच सर्वेक्षणावरून तयार झाल्या. दुचाकी वाहन हा घर नाकारण्याचा एक निकष होता. कुडाच्या भिंतीच्या दोन खोल्यांत राहणारे मामा यादीतून गळाले.

जिथे निर्भयपणे खरे सांगायचे तिथे मामा लपले, आणि जिथे प्रत्येक शब्द तोलून सांगायचा, नोंद तपासायची, तिथे ते गाफील राहिले. कोणता कागद कोणता, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. यात मी माझीही चूक मानतो. बी.ए. झालेला, बँकेत बसणारा भाचा घरात असून मामांना ही यादी वाचून दाखवावी, हे मला सुचले नाही.

कायदा काय सांगतो

जनगणना कायदा 1948 चा आहे. विद्यार्थ्यांनी त्यातील तीन कलमे माहीत करून घ्यावीत.

1) कलम 8 : जनगणनेच्या प्रश्नांना आपल्या माहितीप्रमाणे खरे उत्तर देणे हे कायद्याने बंधनकारक आहे. मात्र घरातील स्त्रीचे नाव सांगण्याची सक्ती नाही. तसेच रूढीमुळे पतीचे नाव न घेणाऱ्या स्त्रीवर ते सांगण्याची सक्ती नाही. लोकांच्या संकोचाचा विचार कायदा करणाऱ्यांनी केला होता, हे यावरून दिसते.

2) कलम 11 : मिळालेली माहिती शासनाच्या पूर्वसंमतीशिवाय उघड करणाऱ्या जनगणना अधिकाऱ्याला दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

3) कलम 15 : जनगणनेची नोंदवही पाहण्याचा हक्क कोणालाही नाही. त्यातील नोंद दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नाही. फौजदारी खटल्यातही, जनगणना कायद्याखालील गुन्हे सोडल्यास, चालत नाही.

म्हणजे जनगणनेच्या बाबतीत एकेरी रस्त्याची पाटी कायद्यानेच लावलेली आहे. पण गोंधळ कसा होतो पाहा. 2010 मध्ये घरयादी करणाऱ्या गुरुजींच्याच पिशवीत राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचाही फॉर्म होता. ही नोंदवही जनगणना कायद्याखाली येत नाही. ती नागरिकत्वासंबंधीच्या 2003 च्या नियमांखाली येते. माणूस एक, दार एक, पण कागद दोन आणि कायदेही दोन. 2019-20 मध्ये नागरिकत्वाचा वाद पेटला, तेव्हा काही राज्यांत साध्या नमुना पाहणीसाठी गेलेल्या कर्मचाऱ्यांनाही लोकांनी माहिती नाकारली. एका कागदाविषयीची भीती दुसऱ्या कागदाला अशी भोवते.

आपल्या समाजाचा अनुभव

आकड्याचे मोल बाबासाहेबांनी ओळखले होते. 1932 मध्ये लोथियन समितीच्या कामकाजात अस्पृश्यांची संख्या किती, हाच वादाचा मुद्दा झाला होता. आमच्या प्रांतात अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असे सांगणारे लोकही पुढे आले होते. संख्या नाकारली की प्रतिनिधित्व नाकारणे सोपे जाते.

14 ऑक्टोबर 1956 च्या धर्मांतरानंतर हेच आकडे आपली ओळख बोलू लागले. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात 1951 मध्ये बौद्धांची नोंद 2,487 होती. 1961 मध्ये ती 27,89,501 झाली. 2011 मध्ये 65,31,200 झाली. तरीही, ‘धर्म बौद्ध लिहिला तर सवलत जाईल’ ही कुजबुज प्रत्येक जनगणनेला वस्तीत ऐकू येते. तिचे मूळ केवळ अफवेत नाही. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात बौद्धांचा समावेश नव्हता, म्हणून केंद्राच्या सवलती खरोखरच मिळत नव्हत्या. 1990 च्या दुरुस्तीने ही अडचण दूर झाली. पण त्या काळातही सवलत जातीच्या दाखल्यावर ठरत होती. जनगणनेची पाने उघडून कोणाची शिष्यवृत्ती बंद करता येत नव्हती आणि आजही येत नाही. तेव्हा धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ आणि अनुसूचित जातीच्या रकान्यात आपल्या जातीचे नाव, असे दोन्ही निर्भयपणे सांगण्यात आज कसलाही विरोध नाही. भीतीपोटी आपणच आपली संख्या कमी करून घेणे हे मात्र नुकसानीचे आहे.

इतर देशांचे धडे

भीती सर्वच ठिकाणी निराधार असते, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, अमेरिकेने एका युद्धकालीन कायद्याने जनगणनेची गोपनीयता सैल केली. जपानी वंशाचे लोक कोणत्या भागात किती राहतात याचे तक्ते जनगणना खात्याने लष्कराला पुरवले. सुमारे 1,20,000 माणसे घरदार सोडून छावण्यांत डांबली गेली. नाव नसलेला तक्तासुद्धा, तो लहानशा भागाचा असेल तर, घातक ठरू शकतो, हा त्यातला धडा आहे.

पश्चिम जर्मनीत एप्रिल 1983 मध्ये जनगणना होणार होती. जमवलेल्या माहितीवरून नगरपालिकांनी आपल्या रहिवाशांच्या नोंदवह्या दुरुस्त कराव्यात, अशी सोय कायद्यात ठेवली होती. म्हणजे मोजणीचाच कागद चौकशीला वापरायचा. लोकांनी मोठा विरोध केला. तेथील घटनात्मक न्यायालयाने आधी जनगणना थांबवली आणि 15 डिसेंबर 1983 रोजी ही तरतूद रद्द केली. आपली माहिती कोठे व कशी वापरली जावी हे ठरवण्याचा अधिकार माणसाला आहे, असे न्यायालयाने सांगितले. नियम सुधारून ती जनगणना 1987 मध्ये झाली.

याउलट डेन्मार्क. तेथे 1968 पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे. 1981 ची जनगणना तर कोणाच्याही दारात न जाता केवळ सरकारी नोंदवह्या एकत्र जोडून केली गेली. इतकी देवाणघेवाण तेथील लोकांनी का मान्य केली? सांख्यिकी खात्याकडे गेलेली नावानिशी माहिती कर खात्याकडे किंवा पोलिसांकडे परत जात नाही, हा दंडक तेथे पाळला जातो म्हणून. माणसांचा विरोध मोजण्याला नसतो. मोजणीच्या निमित्ताने पकडले जाण्याला असतो.

आज आपण कोठे आहोत

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. 2008 च्या सांख्यिकी संकलन कायद्यानुसार, त्या कायद्याखाली मिळालेली माहिती सांख्यिकीच्या कामासाठीच वापरायची आहे. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन व सांख्यिकीला सवलत आहे, परंतु त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर. ही एकेरी रस्त्याचीच पाटी आहे. मात्र त्याच कायद्यात काही कारणांसाठी शासकीय यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. त्यावर सुशिक्षितांनी लक्ष ठेवले पाहिजे.

जून 2025 मध्ये पुढील जनगणनेची अधिसूचना निघाली. तिचा संदर्भ दिनांक 1 मार्च 2027 आहे. या जनगणनेत सर्व जातींची नोंद घेण्याचेही ठरले. माहिती मोबाईलवर भरली जाणार. कागदाची पाने एकमेकांशी जुळवायला पूर्वी वर्षे लागत, आता क्षण पुरतो. म्हणून पाटीची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

आपले कर्तव्य

शिकलेल्या प्रत्येक तरुणाने आपल्या वस्तीतील दहा घरांची जबाबदारी घ्यावी. दारात आलेल्या प्रगणकाला पाणी द्यावे आणि नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. हा कागद कोणत्या कायद्याखाली आहे? यावरून माझ्याविषयी काही निर्णय होणार आहे का? मला माझी नोंद वाचून दाखवाल का? कागद मोजणीचा असेल तर पूर्ण खरे सांगावे, काही लपवू नये. लाभाच्या यादीचा असेल तरी खरेच सांगावे, पण नोंद वाचून घ्यावी, कच्ची यादी पाहावी आणि चूक असेल तर मुदतीत हरकत द्यावी.

त्या आजीला मी आता ‘काही होत नाही हो’ असे सांगून वाटेला लावत नाही. फॉर्म तिच्यासमोर धरून सांगतो, ‘मावशी, हा कागद केवायसीचा आहे, तुमच्या खात्यासाठी लागतो. रेशनचा कागद वेगळा.’ दोन मिनिटे जास्त लागतात. मागची रांग कुरकुरते. पण मावशी समजून-उमजून अंगठा देतात.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

1) मोजणीचा कागद आणि चौकशीचा कागद यांतील फरक तुमच्या घरातील दोन उदाहरणांनी सांगा.
2) जनगणना कायद्याच्या कलम 15 मुळे नागरिकाला कोणते संरक्षण मिळते?
3) पश्चिम जर्मनीतील 1983 च्या निर्णयाचा आणि डेन्मार्कमधील पद्धतीचा समान धागा कोणता?
4) ‘बौद्ध लिहिले तर सवलत जाते’ असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही काय सांगाल?