कापूस, मिरची आणि गुलामगिरी : अटलांटिक महासागरावरील देवघेव

आपल्या जालना जिल्ह्यात ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि मूठभर शेंगदाणे हे गरिबाचे जेवण समजले जाते. यापेक्षा अस्सल गावरान काही असू शकेल असे कोणाला वाटणार नाही. परंतु इतिहास वेगळे सांगतो. ज्वारीचे मूळ स्थान आफ्रिका. ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि आपलीच झाली. मिरची व भुईमूग मात्र अमेरिका खंडातले. ते येथे येऊन जेमतेम चारशे-पाचशे वर्षे झाली आहेत. भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीचा बाजार आज दूरवर प्रसिद्ध आहे, पण मिरची येण्यापूर्वी आपले पूर्वज तिखटासाठी मिरी, आले आणि पिंपळी वापरत. ‘मिरची’ हे नावच मुळी मिरीवरून पडलेले आहे.

ही पिके कोणत्या वाटेने आली, त्या वाटेवरून आणखी काय काय गेले-आले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. शालेय पुस्तकात कोलंबसाचा धडा असतो. त्यात जहाजांची नावे पाठ करावी लागतात, पण जहाजांच्या तळघरात कोण होते हे सहसा विचारले जात नाही.

कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा बेटांवर उतरला. निघाला होता हिंदुस्थानाकडे, म्हणून तेथील लोकांना त्याने ‘इंडियन’ म्हटले आणि ही चूक त्या लोकांच्या कपाळी कायमची चिकटली. सहाच वर्षांनी, १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. पुढे १५०० साली काब्राल नावाचा पोर्तुगीज कप्तान हिंदुस्थानाकडे येताना आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि नंतर त्याच सफरीत कालिकतला आला. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांनी जिंकले. अशा रीतीने ब्राझील, आफ्रिकेचा किनारा, लिस्बन आणि गोवा एकाच सत्तेच्या जहाजांनी जोडले गेले. काजू, अननस, पपई, पेरू, सीताफळ, बटाटा, रताळे, मका, तंबाखू ही सारी अमेरिकेची मंडळी यानंतर आपल्याकडे आली. तंबाखू तर इतक्या वेगाने पसरली की १६०४-०५ च्या सुमारास असद बेग हा अकबराचा अधिकारी विजापुराहून परतताना ती बादशहाला दाखविण्यासाठी घेऊन गेला.

गमतीची गोष्ट अशी की उपवासाच्या ताटातील साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणे, बटाटा, रताळे, हिरवी मिरची आणि राजगिरासुद्धा मूळचे अमेरिकेचेच आहेत. आपल्या घरांतून उपवास गेले असले तरी शेजारच्या घरी हे सांगून पाहावे!

अमेरिकेतून ही पिके जगभर गेली, तसे युरोपातून अमेरिकेत गहू, ऊस, घोडे आणि गाई गेल्या. पण त्याच जहाजांतून देवी आणि गोवर हे रोगही गेले. तेथील लोकांच्या अंगात या रोगांविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. रोगाने, उपासमारीने आणि सक्तीच्या मजुरीने गावेच्या गावे ओस पडली. कोलंबसाला प्रथम भेटलेले तायनो लोक पन्नास-साठ वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले. आपण रोज उच्चारतो तो ‘बटाटा’ हा शब्द त्यांच्याच भाषेतून पोर्तुगीजांमार्फत मराठीत आला आहे. ज्यांची घरे उरली नाहीत त्यांचा शब्द आपल्या भाजीबाजारात रोज ओरडला जातो.

जमीन होती, ऊस होता, राबणारे हात मात्र मेले होते. ते हात आफ्रिकेतून आणण्यात आले. सोळाव्या शतकापासून १८६० च्या दशकापर्यंत सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी स्त्री-पुरुष व मुले जहाजांत कोंबली गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरले ते सुमारे १ कोटी ७ लाख. या दोन आकड्यांतील जवळपास १८ लाखांचा फरक समुद्राच्या तळाशी आहे. सर्वाधिक, म्हणजे ४८ लाखांच्या आसपास, एकट्या ब्राझीलमध्ये उतरविले गेले. उत्तर अमेरिकेत थेट आणलेल्यांची संख्या ४ लाखांच्या आतच होती, पण त्यांची संतती १८६० पर्यंत जवळजवळ ४० लाखांवर पोचली. ती सारी जन्माने गुलाम होती. आईची स्थिती ती मुलाची स्थिती, असा कायदा होता. जन्मावरून माणसाची पायरी ठरविण्याची ही रीत आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

माणसे विकत घेण्यासाठी युरोपीय व्यापारी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर बंदुका, दारू, धातू आणि कापड देत. त्या कापडात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरील विणकरांनी विणलेले सुती कापड मोठ्या प्रमाणात होते. चलन म्हणून चालणाऱ्या कवड्या मालदीव बेटांतून येत. आपल्याकडच्या मागावर बसलेल्या विणकराला आपल्या कापडाच्या बदल्यात कोठे तरी एक माणूस विकला जातो याची कल्पना असणे शक्य नव्हते.

येथे मराठवाड्यातील वाचकाला मलिक अंबरची आठवण होईल. तोही आफ्रिकेतील, हबशी, लहानपणी विकला गेलेला. तो दख्खनेत येऊन निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला, १६१० मध्ये त्याने खडकी वसविली आणि त्या शहराला नहरीचे पाणी दिले. हिंदी महासागरावरील गुलामगिरीही क्रूरच होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण तेथे गुलामाला सैन्यात, दरबारात वर चढण्याची एखादी फट असे. अटलांटिकच्या पलीकडे उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांत ती फटही बुजविली गेली होती. कातडीचा रंग हीच बेडी झाली.

आता हिशेबाकडे वळू. बँकेत रोज जमा-नावे लिहिणाऱ्याला इतिहासातील दोन नोंदी वाचून झोप लागत नाही. पहिली नोंद हैतीची. तेथील गुलामांनी १७९१ मध्ये बंड केले आणि १ जानेवारी १८०४ रोजी देश स्वतंत्र केला. फ्रान्सने १८२५ मध्ये युद्धनौका पाठवून या देशाकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई मागितली. कशाची भरपाई? तर मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेची, ज्यात ती माणसेच मोजलेली होती. रक्कम पुढे १८३८ मध्ये कमी करण्यात आली, परंतु ती फेडण्यासाठी घेतलेल्या कर्जांनी हैती पिढ्यानपिढ्या पिळला गेला. दुसरी नोंद इंग्लंडची. ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि २ कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर केली. ही रक्कम मालकांना मिळाली. राबलेल्यांना एक पैसाही नाही. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडला. म्हणजे हे खाते आपल्या डोळ्यांदेखत बंद झाले. मळ्यांतील रिकाम्या जागा भरण्यासाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले. आधी मॉरिशस, १८३८ पासून ब्रिटिश गयाना, १८४५ पासून त्रिनिदाद. मॉरिशसमधील मराठी कुटुंबे ही बहुतांशी अशाच कोकणी मजुरांची वंशज होत.

यानंतर कापूस. आपल्या जिल्ह्याचा संबंध येथे सर्वात जवळचा आहे. ‘जिनिंग’ हा शब्द जालन्यात शाळकरी मुलालाही माहीत असतो. सरकी काढणाऱ्या या ‘जिन’ यंत्राचे पेटंट एली व्हिटनी या अमेरिकनाने १७९४ मध्ये घेतले. यंत्राने श्रम वाचतात असे आपण म्हणतो, पण अमेरिकेच्या दक्षिण भागात उलटेच घडले. सरकी झटपट निघू लागली म्हणून कापसाची लागवड पसरली, लागवड पसरली म्हणून वेचणारे हात अधिक लागले आणि गुलामांचा बाजार तेजीत आला. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांत जाणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस या गुलामांनी वेचलेला होता.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. साऱ्या व्यापाऱ्यांची नजर मुंबईकडे वळली. खानदेश, वऱ्हाड, गुजरात येथील कापसाचे भाव कधी नव्हे इतके चढले. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटविण्याच्या कंपन्यांचे शेअर वाटेल त्या भावाने विकले गेले. सावकारांनी शेतकऱ्यांना हात सैल सोडून कर्जे दिली, कारण पीकच सोन्याचे होते. निजामाच्या राज्यातील जालन्याला तेव्हा रेल्वे नव्हती, ती १९०० च्या सुमारास आली. त्यामुळे या तेजीचा मोठा वाटा वऱ्हाड-खानदेशकडे गेला. रेल्वे आल्यावर मात्र आपल्याकडेही कापसाचा व्यापार वाढला. ‘जालना सोने का पालना’ या म्हणीत व्यापाराचा पाळणा आहे. तो हलविणाऱ्या वेचणीच्या बायकांचा उल्लेख म्हणीत नाही.

१८६५ मध्ये युद्ध संपले. चाळीस लाख माणसे मुक्त झाली, ही मानवजातीच्या इतिहासातील मोठी घटना. त्याच वर्षी मुंबईत कापसाचे भाव कोसळले, शेअर कागदाच्या भावाचे झाले, नामांकित पेढ्या बुडाल्या. शेतकऱ्याचे कर्ज मात्र भावाबरोबर खाली आले नाही. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि त्यांनी कर्जरोखे जाळले. दख्खनच्या या दंग्यांना वाढलेला शेतसारा वगैरे अन्य कारणेही होती. तरीही एका खंडातील गुलामाची सुटका आणि दुसऱ्या खंडातील कुणब्याची अडकणूक एकाच बाजारभावाच्या दोरीने बांधली गेली होती, हे विद्यार्थी मित्रांनी नीट समजून घ्यावे. यात दोष मुक्तीचा नाही. तेजीत कर्ज वाढवून मंदीत जमीन घेणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

या दोरीचे दुसरे टोक ज्याने ओळखले तो पुरुष त्या वेळी पुण्यातच होता. जोतीराव फुले यांनी तरुणपणी, १८४७ च्या सुमारास, थॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ वाचला होता. पेन इंग्लंडात जन्मला, १७७४ मध्ये अमेरिकेत गेला, तेथील स्वातंत्र्ययुद्धात त्याने लेखणी चालविली आणि पुढे फ्रान्सच्या क्रांतीतही तो सहभागी झाला. म्हणजे ज्या समुद्रावरून गुलाम गेले, त्याच समुद्रावरून हा विचारही ये-जा करीत होता आणि तो पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाच्या हाती पडला. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. कापसाचा भाव पाहणारे त्या काळी हजारो होते. कापूस वेचणाऱ्याकडे पाहून स्वतःच्या समाजाची स्थिती ओळखणारे विरळाच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले. विद्यापीठ न्यूयॉर्कमध्ये, कृष्णवर्णीयांच्या हार्लेम वस्तीच्या शेजारीच आहे. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी पुढे आपल्या लेखनात वारंवार केली. त्यांचा मुद्दा व्यवहारी होता : गुलाम ही मालकाची मालमत्ता असल्याने त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ तरी असे, अस्पृश्याच्या जगण्या-मरण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. १९४६ मध्ये अमेरिकेतील निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे गाऱ्हाणे नेले, तेव्हा बाबासाहेबांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बोईस यांना पत्र लिहून त्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. अस्पृश्यांच्या वतीने तसेच पाऊल उचलावे असा विचार त्यांच्या मनात होता. द्यू बोईस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी आस्थेने उत्तर पाठविले.

मराठवाड्यात ही ओळख पुढे वाढली. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातील डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आले आणि तेथील कृष्णवर्णीयांचे साहित्य दलित लेखकांनी वाचावे असा त्यांनी आग्रह धरला. १९७२ मध्ये मुंबईत ‘दलित पँथर’ स्थापन झाली. तिचे नाव १९६६ च्या ‘ब्लॅक पँथर’वरून घेतलेले. १९७८ मध्ये जनार्दन वाघमारे यांचे अमेरिकन निग्रोंच्या साहित्य-संस्कृतीवरील पुस्तक मराठीत आले. आपल्या विद्यार्थ्यांनी ते ग्रंथालयातून मिळवून वाचावे.

हा व्यवहार एकाच दिशेने झाला असे मात्र नाही. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले होते. केरळमध्ये ते दलित मुलांच्या एका शाळेत गेले तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. हा प्रसंग किंग यांनी १९६५ मध्ये आपल्या चर्चमधील प्रवचनात सांगितला आहे. ते शब्द ऐकून प्रथम त्यांना धक्का बसला, थोडा रागही आला. मग त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या देशातील दोन कोटी कृष्णवर्णीय उभे राहिले, त्यांच्या कोंदट वस्त्या आणि गरिबी उभी राहिली. तेव्हा त्यांनी मनाशी कबूल केले की होय, आपण अस्पृश्यच आहोत.