संगणकाचा पडदा
‘सी-डॅक’ संस्थेच्या चेन्नई केंद्राने विकसित केलेली ‘बॉस’ ही संगणकप्रणाली २००७ साली प्रसिद्ध झाली. ती मराठीतही वापरता येते. पडद्याची रंगसंगती आणि स्क्रीनसेव्हर आपल्या आवडीनुसार निवडण्याची सोय तीत आहे. परंतु निवड केवळ शोभेची नसते.

जुन्या काचनळीच्या पडद्यावर एकच चित्र दीर्घकाळ राहिल्यास आतील प्रकाशणारा लेप झिजून कायमचा डाग पडे. तो टाळण्यासाठी हलत्या चित्रांचा स्क्रीनसेव्हर आला. एलसीडी पडद्याला त्याची फारशी गरज उरली नाही. काम थांबले की पडदा आपोआप बंद होईल अशी योजना करणेच बरे.

गडद रंगसंगतीने वीज वाचते, हा समजही अर्धाच खरा. साध्या एलसीडीमागील दिवा काळ्या चित्रामागेही जळतच असतो. अनेक मोबाइलमधील ओएलईडी पडद्यात मात्र काळा बिंदू प्रकाशतच नाही. तेथे बचत होते.