हेडफोनात लावलेला आवाज

साताऱ्यात मंगळवार पेठेत आमचं घर, भिंतीला भिंत लागून शेजारी. रात्री नऊनंतर गिटार वाजवायची ती हेडफोन लावूनच. मल्टि-इफेक्ट घेतला तेव्हा महिनाभर जागून मी एक पॅच बनवला. गेन नव्वदवर, बेस आणि ट्रेबल भरपूर, मिड जवळजवळ शून्य. खालच्या तारेवर पाम म्यूट मारला की कानात भिंत कोसळल्यासारखं वाटायचं. मेटल म्हणजे हेच, अशी माझी खात्री झाली होती.

तो पॅच घेऊन आम्ही सांगलीला एका कॉलेजच्या गॅदरिंगला गेलो. पाच जण, ड्रम सेट टेंपोत, पेठ नाक्यावरून इस्लामपूर, आष्टा करत. साऊंडचेकला दहा मिनिटं मिळाली, ती ड्रमच्या माइकांतच गेली. पहिलं गाणं सुरू झालं आणि अर्ध्या मिनिटात लक्षात आलं की माझी बोटं चालली आहेत, पण मला माझी गिटार ऐकू येत नाही. मी आवाज वाढवला. स्पीकर घुमायला लागले, तसा साऊंडवाल्यानं माझा आवाज खाली ओढला. मी पुन्हा वाढवला. चार गाणी हेच चाललं.

परतताना टेंपोत मित्राच्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकलं. ड्रम होते, बेस होता, गायक होता. गिटारच्या जागी खाली घरघर आणि वर डासांसारखी सूं. जी रिफ चार महिने घासली होती, ती त्यात कुठेच नव्हती. कराड येईपर्यंत टेंपोत कोणी बोललं नाही.

पुढचं सगळं मी त्या रात्रीमुळे शिकलो. तुम्ही ती रात्र टाळावी, म्हणून लिहितोय.

आपला कान हळू आवाजात खर्ज आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलं. म्हणून घरी हळू वाजवताना आपण बेस आणि ट्रेबल वाढवत जातो, मिड नकोसे वाटतात. तोच पॅच स्टेजवर दहापट जोरात लागला की खर्ज फुगतो आणि ट्रेबल कानात टोचतो. शिवाय ती जागा आधीच भरलेली असते. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झला बोलते, ड्रॉप डी केली तर ७३ ला. तिथे किक ड्रमचा ठोका असतो, आणि बेस गिटार ४१ पासून वर सगळं व्यापून असते. वर झांजा असतात. गिटारचं घर मध्ये, साधारण ५०० ते २००० हर्ट्झमध्ये, आणि मी नेमकं तेच मोकळं करून ठेवलं होतं.

गणपतीच्या मिरवणुकीतली बेंजो पार्टी आठवा. ढोल, ताशा, हलगी दणक्यात चालू असतात, तरी बेंजोवरचं गाणं गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ओळखू येतं. बेंजोच्या गाडीवरच्या भोंग्यांतून खर्ज जवळजवळ येतच नाही, येतात ते मिड. आमच्याकडचे बेंजोवाले हे पिढ्यान् पिढ्या जाणून आहेत आणि मी त्यांच्या मागून नाचत मोठा झालो, तरी मला ते ऐकू आलं नव्हतं.

मेटालिकाचा १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ऐकून मिड कापायचा मोह होतो, मलाही झाला. पण त्या रेकॉर्डवर एकच रिदम पुन्हा पुन्हा वाजवून थर चढवलेले आहेत. स्टेजवर तो थर नसतो, तुमचा एकच हात असतो.

त्या गॅदरिंगनंतर काही दिवसांनी मिरजेत एका तंबोरा बनवणाऱ्यांच्या दुकानात बसलो होतो. मिरजेच्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्यांचं नाव त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. दुकानातले चाचा जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढत होते. तार सैल करून बाजूला सरकवायची, घोडीवर कानस दोनदाच फिरवायची, तार पुन्हा चढवायची, छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं. मग तारेखालचं सूत केसभर पुढे. गिऱ्हाइकाला त्यांनी आधीच विचारलं होतं, “गाणार कोण? पट्टी कुठली?” पट्टी कळल्याशिवाय त्यांनी कानशीला हात लावला नव्हता. कुणाबरोबर वाजायचंय हे ठरल्याशिवाय आवाज लावता येत नाही, हे मला तिथे बसून समजलं.

आता मी पॅच घरी फक्त मांडतो, लावतो तो बँडबरोबर, तालमीच्या खोलीत, ड्रम वाजत असताना. गेन आधी खाली आणा, पन्नास-साठवर. गेन जास्त झाला की पाम म्यूटचा ठोका चपटा होतो, जड होत नाही. जडपणा बेस गिटारकडून येऊ द्या. शंभर हर्ट्झच्या खालचं कापा, सहा-सात हजारच्या वरचं कापा. घरी हा आवाज कोरडा आणि नाकातला वाटेल, वाटू द्या. दुसरा गिटारवाला असेल तर दोघांनी एकच आवाज लावू नका, एकाचे मिड थोडे खालचे, दुसऱ्याचे थोडे वरचे. १९९१ साली आलेल्या बॉसच्या मेटल झोन पेडलला मिडमधला कुठला भाग उचलायचा यासाठी वेगळं बटण आहे. तेच बटण आपण सगळ्यांत कमी फिरवतो.

कॅबिनेट सिम्युलेशनकडे दर वेळी बघा. थेट मिक्सरला जाताय तर ते चालू पाहिजे, नाहीतर आवाज करवतीसारखा येतो, कारण गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं जे दाबतो ते दाबायला तिथे कोणी नसतं. गिटार अँपमध्ये जाताय तर बंद. साताऱ्यात एका मंडळाच्या स्टेजवर मी चालूच ठेवलं आणि गिटार गोधडीत गुंडाळल्यासारखी वाजली. अँपला मागे ‘रिटर्न’चं भोक असेल तर तिथे जोडा, पुढून गेलात तर एका प्रीअँपवर दुसरा चढतो. आणि आपल्याकडचे बहुतेक साऊंड मोनो असतात, तेव्हा स्टिरिओ डिलेवर जीव टाकू नका.

एक गोष्ट आवाजाची नाही, जिवाची आहे. मंडपातल्या लाइनीला अर्थिंग असेलच असं नाही. गिटार हातात असताना ओठ माइकला लागून मला एकदा असा शॉक बसला की डोळ्यांपुढे पांढरं झालं. तेव्हापासून बॅगेत टेस्टर असतो. स्टेजवर चढल्यावर आधी माइकची जाळी आणि गिटारची तार तपासतो. दिवा लागला तर गायकाला माइकपासून लांब ठेवायचं आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत वाजवायचं नाही, मग आयोजक कितीही घाई करोत. हम येतोय म्हणून प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. त्यासाठी बऱ्याच मल्टि-इफेक्टवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते फक्त सिग्नलचं ग्राउंड तोडतं.

गेल्या वर्षी पुन्हा सांगलीत वाजवलं. या वेळी साऊंडचेकला लूपर चेनच्या सुरुवातीला ठेवला, रिफ त्यात भरली आणि ती वाजत ठेवून स्टेजवरून उतरलो. ड्रमरला म्हटलं, तू चालू राहा. शेवटच्या खुर्च्यांपर्यंत चालत गेलो. रिफ माझ्याबरोबर येत होती, पाम म्यूटचा एकेक ठोका सुटा. साऊंडवाला मिक्सरवरून बघत होता.

“दादा, आता कळतंय काय वाजतंय ते. अजून थोडे मिड देऊ का?”

“नको, तिथे गायकाला जागा ठेव.”

त्यानं मिडचं बटण होतं तिथेच सोडलं आणि गायकाला हात केला.